युकुलेले शिकायला ई-बुक घेताय? मग गाण्यांची यादी नाही, आधी ट्युनिंगचं पान बघा

दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी, जामखेडकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. नगर जिल्ह्याला हे चित्र नवीन नाही. सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात झाली ती याच जिल्ह्यात. प्रवरानगरचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून इथली लग्नं, कर्जं आणि राजकारण उसाभोवतीच फिरतंय.

पण याच ऊसमजुरीतून एक वाद्यही जन्माला आलंय, हे फार जणांना माहीत नसतं.

२३ ऑगस्ट १८७९. रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज हवाई बेटांवरच्या होनोलुलू बंदरात लागलं. त्यात पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आलेली चारशेच्या वर माणसं होती. कशासाठी आली होती? हवाईच्या ऊसमळ्यांत मजुरी करायला. त्यांच्यासोबत चार तारांचं एक छोटंसं पोर्तुगीज वाद्य होतं. त्याच जहाजातून आलेल्या मानुएल नुनेस, जोझे दो एस्पिरितो सांतो आणि आउगुस्तो दियास या तीन सुतार कारागिरांनी पुढे हवाईतच अशी वाद्यं घडवून विकायला सुरुवात केली. स्थानिक लोकांनी त्याला नाव दिलं उकुलेले. या शब्दाचा सरळ अर्थ सांगितला जातो तो म्हणजे उड्या मारणारी पिसू. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला मोठं प्रदर्शन भरलं, तिथे हवाईच्या कलाकारांनी हे वाद्य वाजवलं आणि अख्ख्या अमेरिकेला त्याचं वेड लागलं.

आज तेच वेड रील्समधून आपल्याकडे आलंय. आपण त्याला युकुलेले म्हणतो.

अडचण वाद्याची नाही, शिकवणाऱ्याची आहे

सुरुवातीचं बरं युकुलेले दोन-तीन हजारांच्या आसपास ऑनलाइन मिळतं. चार तारा, त्याही नायलॉनच्या, त्यामुळे गिटारसारखी बोटं सोलत नाहीत. लहान मुलांच्या हातात बसतं. कुरिअरवाला अकोल्यातही आणून देतो आणि कर्जतलाही.

शिकवणारा मात्र कुरिअरने येत नाही. नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७,०४८ चौरस किलोमीटर, १४ तालुके. नगर शहरात गिटारचा क्लास शोधला तर सापडेल. पण तालुक्याच्या गावात हार्मोनियम आणि तबल्याच्या पलीकडे शिकवणारा मिळणं अवघड. पुणं नगरपासून सव्वाशे किलोमीटर. अकोले किंवा जामखेडचं पोरगं दर रविवारी क्लासला तिथे जाईल, असं कुणी म्हणणार नाही.

मग काय करतात? यूट्यूब बघतात. तिथे एक व्हिडिओ इथला, दुसरा तिथला, तिसऱ्यात मास्तर एकदम अवघड गाण्यावर उडी मारतो. क्रम सापडत नाही म्हणून माणूस पुस्तकाकडे वळतो आणि छापील पुस्तक गावात मिळत नाही म्हणून ई-बुककडे. दुकान उघडलं की समोर शेकडो मुखपृष्ठं. ‘सात दिवसांत युकुलेले’, ‘एकवीस दिवसांत युकुलेले’, ‘५०० गाणी’. स्वस्त दिसलं ते घेतलं.

दोन महिन्यांनी युकुलेले खिळ्याला लटकलेलं असतं आणि घरात एक वाक्य पक्कं झालेलं असतं की, ‘आपल्याला सुराचं अंग नाही.’

खरं तर बऱ्याचदा अंग असतं. पुस्तक चुकीचं असतं, किंवा पुस्तक बरोबर असूनही या वाद्यासाठी नसतं. हा फरक एकट्याने शिकणाऱ्याला कळायला काही मार्गच नसतो, कारण समोर बसून ‘अरे, तुझी तार उतरलीये’ असं सांगणारं कुणी नसतं. म्हणून पुस्तक निवडायची कसोटी एकच. आपली चूक आपल्यालाच पकडता येईल अशी सोय त्यात आहे का?

पुस्तकातून वाद्य येतं तरी का?

आपल्याकडे हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो घातला दोन विष्णूंनी. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्गात बसून, वह्या-पुस्तकं घेऊन गाणं शिकवायची पद्धत रूढ केली. विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, पेशाने वकील. त्यांनी उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवल्या, लिहून काढल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ या नावाने सहा भागांत छापल्या. त्या मुळात मराठीत होत्या. त्याआधी जे गुरूच्या घरी राबून मिळायचं, ते आता काही रुपयांत छापील मिळायला लागलं. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. आज गावोगावी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा देणारी मुलं त्या नाकं मुरडण्याला भीक न घालता शिकलेली आहेत.

पण या दोघांच्या पुस्तकांत एक गंमत आहे आणि ती युकुलेले घेणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. स्वराच्या डोक्यावर टिंब दिलं तर भातखंडे पद्धतीत तो तार सप्तकातला स्वर. पलुस्कर पद्धतीत तेच टिंब डोक्यावर आलं की स्वर मंद्र सप्तकातला! खूण एक, अर्थ उलटे. एका पद्धतीवर वाढलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक उघडलं आणि पहिलं पान न वाचता सुरुवात केली तर वरचा सूर खाली जाणार. पुस्तकं दोन्ही बरोबर, वाचणाराही हुशार, तरी गाणं चूक.

युकुलेलेत नेमकं हेच होतं. फक्त टिंबाच्या जागी ट्युनिंग असतं.

प-सा-ग-ध

युकुलेले चार आकारांत येतं. सोप्रानो, कॉन्सर्ट, टेनर आणि बॅरिटोन. पहिल्या तिघांचं आजचं नेहमीचं ट्युनिंग जी-सी-ई-ए. वाद्य हातात धरलं की तोंडाकडची तार जी आणि जमिनीकडची ए.

हे इंग्रजी अक्षरांत अवघड वाटतं, पण भजनी मंडळाची पेटी समोर ओढा. पांढरी एकला सा धरा. सी म्हणजे सा, ई म्हणजे ग, जी म्हणजे प आणि ए म्हणजे ध. म्हणजे युकुलेलेच्या चार मोकळ्या तारा झाल्या प, सा, ग, ध. पेटीवर पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. चारही एकाच सप्तकात. तोंडाकडची पहिली तार सगळ्यात खर्जाची असेल असं गिटार पाहिलेल्याला वाटतं, पण इथे ती वरच्या पंचमाला लावलेली असते. युकुलेलेचा तो खट्याळ, खणखणीत आवाज यातूनच येतो.

पेटी शिकलेल्या कुणाच्याही लगेच लक्षात येईल की हे भूपाचे स्वर आहेत, फक्त रे तेवढा गायब आहे. तो सी तारेच्या दुसऱ्या पडद्यावर सापडतो. मग आरोह असा वाजतो. सी तार मोकळी म्हणजे सा, सी तारेचा दुसरा पडदा रे, ई तार मोकळी ग, जी तार मोकळी प, ए तार मोकळी ध आणि ए तारेचा तिसरा पडदा वरचा सा. डाव्या हाताला फक्त दोन जागी दाबायचं. वाद्य घरी आल्यावर पहिल्या अर्ध्या तासात भूपाचा आरोह निघतो आणि तो बरोबर आला की नाही, हे शाळेत कधी पेटीच्या तासाला बसलेला माणूस कानाने सांगू शकतो. एकही ई-बुक ही युक्ती सांगणार नाही, कारण ती लिहिणाऱ्यांना भूप ठाऊक नाही.

आता सापळे कुठे आहेत ते बघा.

बॅरिटोन युकुलेलेचं ट्युनिंग डी-जी-बी-ई असतं. म्हणजे गिटारच्या शेवटच्या चार तारा. आकार मोठा, आवाज भारदस्त म्हणून कुणी बॅरिटोन मागवलं आणि पुस्तक मात्र साध्या युकुलेलेचं घेतलं तर पुस्तकातल्या सीच्या खुणेवर बोटं ठेवून जी वाजणार. एकट्याला ते कळणारही नाही, कारण ऐकायला बेसूर लागत नाही. पुस्तकासोबतचा ऑडिओ लावला की मात्र सगळंच भांडायला लागतं.

दुसरा सापळा जुन्या फुकट पुस्तकांचा. १९०६ मध्ये हवाईच्या अर्नेस्ट काआई यांनी युकुलेले शिकवणारं पुस्तक काढलं. या वाद्याच्या अगदी सुरुवातीच्या शिक्षण-पुस्तकांत ते मोडतं. १९२० च्या दशकात मे सिंगी ब्रीन या वादिकेच्या खटपटीमुळे अमेरिकेत गाण्याच्या छापील कागदांवर युकुलेलेच्या कॉर्डच्या आकृत्या यायला लागल्या. त्या काळातलं कितीतरी साहित्य आज स्वामित्वहक्कातून मोकळं झालंय आणि डिजिटल संग्रहांत फुकट मिळतं. मोह होणारच. पण त्यातल्या बऱ्याच साहित्याचं ट्युनिंग ए-डी-एफ शार्प-बी आहे. आजच्यापेक्षा सगळं एक स्वर वर. पेटीच्या भाषेत पांढरी सहा, पांढरी दोन, काळी तीन आणि पांढरी सात. बोटांचा आकार तोच, कॉर्डचं नाव वेगळं. आजच्या पुस्तकात ज्या आकृतीला सी म्हटलंय तिला तिथे डी म्हटलेलं असतं. ज्याला हे माहीत आहे त्याच्यासाठी ही पुस्तकं खजिना आहेत. ज्याला माहीत नाही तो आठवडाभर डोकं धरून बसेल.

हे फक्त जुन्या पुस्तकांचंच आहे असंही नाही. कॅनडातल्या शाळांत चाल्मर्स डोन यांनी युकुलेलेवर संगीत शिकवायची परंपरा रुजवली. त्यांच्यासोबत जेम्स हिल यांनी केलेली ‘युकुलेले इन द क्लासरूम’ ही पुस्तकमाला आजची आहे, चांगली आहे आणि वेगवेगळ्या ट्युनिंगसाठी तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. घाईत भलतीच आवृत्ती उचलली की झालं.

म्हणून दुकानात ‘सॅम्पल’ उघडल्यावर आधी ट्युनिंगचं पान शोधायचं. ते पान नसेल तर पुस्तक तिथेच बंद करायचं. असेल तर अजून एक गोष्ट बघायची. नव्या नायलॉनच्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात आणि सारख्या उतरतात, हे त्यात सांगितलंय का? साधीच गोष्ट आहे. पण ती न सांगितल्यामुळे सकाळी लावलेलं वाद्य संध्याकाळी बेसूर झालं की पोरगं वाद्याला नाहीतर स्वतःला दोष देत बसतं.

आणि हो, पेटीवर लावलेलं युकुलेले पुस्तकाच्या ऑडिओशी जुळेलच असं नाही. जुनी पेटी थोडी चढी-उतरी असते. ऑडिओसोबत वाजवायचं असेल तर मोबाइलमधला ट्यूनर लावा, भजनात बसायचं असेल तर पेटीला लावा.

टॅब उलटा दिसतो, पण उलटा नसतो

युकुलेलेची पुस्तकं तीन लिप्यांत लिहिलेली असतात. एक पाश्चात्त्य स्वरलिपी, पाच ओळींवरचे काळे ठिपके. दुसरी कॉर्डची आकृती, म्हणजे उभ्या चार रेषांवर बोटं कुठे ठेवायची त्याचे ठिपके. तिसरा टॅब, म्हणजे आडव्या चार रेषा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे.

टॅबमध्ये नवशिका हमखास फसतो. सगळ्यात वरची रेषा ए तारेची असते, जी आपल्या हातात जमिनीकडे असते. सगळ्यात खालची रेषा जी तारेची, जी आपल्या तोंडाकडे असते. मांडीवर वाद्य घेऊन आपण वरून वाकून बघतो तेव्हा तारा ज्या क्रमाने दिसतात तसाच टॅब असतो, हे एकदा कळलं की विषय संपतो. चांगलं पुस्तक हे चित्र काढून सांगतं. वाईट पुस्तक गृहीत धरतं.

नुसत्या स्वरलिपीवर चालणारं पुस्तक घरी कुणी ती वाचणारं नसेल तर पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नये. नुसत्या टॅबचंही नको, कारण साध्या टॅबमध्ये कुठला पडदा ते कळतं, पण किती वेळ ते कळत नाही. टॅबच्या जोडीला वर स्वरलिपी किंवा खाली मात्रा मोजलेल्या हव्यात.

रिकामी पाचवी मात्रा

तालाच्या बाबतीत बहुतेक पुस्तकं ‘वन अँड टू अँड थ्री अँड फोर अँड’ असं मोजायला सांगतात. आठ आकडे झाले. आपल्याला आठ मात्रा म्हटलं की केरवा आठवतो, धा गे ना ति, न क धि ना. ते आठ हे आठच समजा.

आता जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असणारा एक ठेका घ्या. खाली, खाली-वर, वर-खाली-वर. नवशिक्याचा हात इथे अडखळतो, कारण मध्ये खाली जाणाऱ्या हाताची एक जागा रिकामी आहे आणि ती कुठे आहे ते कळत नाही. केरव्यावर मांडून बघा. पहिल्या मात्रेला हात खाली, तिसरीला खाली, चौथीला वर, सहावीला वर, सातवीला खाली, आठवीला वर. खाली जाणाऱ्या हाताची रिकामी राहिली ती पाचवी, म्हणजे केरव्याची खाली! हात थांबवायचा नाही, तारांना न लागता तसाच खाली न्यायचा, जसा ताल देताना खालीला आपण टाळी न वाजवता हात बाजूला नेतो. भजनात टाळ धरलेल्या माणसाला हे दहा मिनिटांत जमायला हरकत नाही.

तीन-तीनच्या वजनाची गाणी आली की दादरा. धा धी ना, धा ती ना.

पुस्तक निवडताना याचा उपयोग असा की, ताल मोजून दाखवलेलं पुस्तक आपल्याला आपल्या तालात बसवता येतं. ज्यात नुसते बाण काढलेत, मात्रा नाहीत, ते बसवता येत नाही.

५०० गाणी, पण ओळखीची किती?

इंग्रजी पुस्तकांत लिझ आणि जिम बेलॉफ यांचं ‘द डेली युकुलेले’ फार गाजलेलं आहे. दिवसाला एक या हिशोबाने ३६५ गाणी. पण तो गाण्यांचा संग्रह आहे, शिकवणारं पुस्तक नाही. शिवाय त्यातली बहुसंख्य गाणी अमेरिकन घरांत पिढ्यान् पिढ्या गायली गेलेली. तिथल्या मुलाला चाल आधीच पाठ असते, त्यामुळे चुकलं की लगेच कळतं. आपल्याला चालच माहीत नसेल तर चुकलं की बरोबर आलं हे कळणार कसं? पहिल्या पुस्तकात ‘ट्विंकल ट्विंकल’, ‘हॅपी बर्थडे’, ‘जिंगल बेल्स’ अशी इथल्याही पोरांना पाठ असलेली दहा गाणी असली तरी पुरे. ती दहा गाणी त्या ५०० पेक्षा जास्त शिकवतील.

शिकवणाऱ्या पुस्तकांत दोन नावं नेहमी घेतली जातात. लिल रेव्ह यांचं ‘हॅल लिओनार्ड युकुलेले मेथड’ आणि अ‍ॅलिस्टेअर वुड यांचं ‘युकुलेले फॉर डमीज’. पहिलं बारीक आहे. थोडं वाचा, लगेच वाजवा असा त्याचा खाक्या. स्वरलिपी हळूहळू शिकवत नेतं. दुसरं जाडजूड आहे, गप्पा मारत शिकवतं, वाद्य विकत घेण्यापासून तार बदलण्यापर्यंत सगळं सांगतं, पण इंग्रजी वाचायची सवय हवी. दहावीतल्या मुलाला इंग्रजीचा कंटाळा असेल तर बारीक पुस्तक बरं. तसंही या विषयाचं इंग्रजी म्हणजे वीस-पंचवीस शब्दांचा खेळ आहे. फ्रेट म्हणजे पडदा, स्ट्रिंग म्हणजे तार, नेक म्हणजे दांडी, पेग म्हणजे खुंटी. बाकी कॉर्डला आपणही कॉर्डच म्हणतो.

कॉर्डचा क्रमही चाळून घ्यावा. सी, ए मायनर आणि एफ या तीन कॉर्डना मिळून फार कसरत लागत नाही. सीला एकच बोट, ए मायनरलाही एकच, एफला दोन. मग जी किंवा जी सेव्हन. जे पुस्तक या चारांवर काही आठवडे रेंगाळतं ते शिकवायला बसलंय. जे तिसऱ्याच पानावर ई किंवा बी फ्लॅट देतं ते पानं भरायला बसलंय. युकुलेलेवर या दोन कॉर्ड चांगल्या वाजवणाऱ्यालाही सुरुवातीला छळतात.

कारखान्यातून निघालेली पुस्तकं

ऊस सोडून दुसऱ्याही गोष्टींचे कारखाने असतात. कुणीही, कसलंही पुस्तक यंत्राकडून लिहून घेऊन ऑनलाइन विकायला ठेवू शकतो. याचा इतका सुळसुळाट झाला की सप्टेंबर २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपल्या स्व-प्रकाशन सेवेवर एका लेखकाला दिवसाला जास्तीत जास्त तीन नवी पुस्तकं अशी मर्यादा घातली. दिवसाला तीन! यावरून काय चाललं असेल याचा अंदाज यावा.

अशी पुस्तकं ओळखायची कशी? लेखकाचं नाव शोधा. युकुलेले शिकवणाऱ्या माणसाचा कुठेतरी एखादा वाजवतानाचा व्हिडिओ असतोच. मुखपृष्ठावरच्या वाद्याच्या खुंट्या मोजा. सहा तारांचं युकुलेलेही असतं, पण नवशिक्यांच्या चार तारांच्या पुस्तकावर ते असायचं काही कारण नाही. आणि सॅम्पलमधल्या कॉर्ड तपासा. सी म्हणजे ०-०-०-३, ए मायनर २-०-०-०, एफ २-०-१-०, जी ०-२-३-२. आकडे जी, सी, ई, ए या क्रमाने. शून्य म्हणजे मोकळी तार, बाकी पडदे. हे चार आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. जी-सी-ई-एच्या नवशिक्या पुस्तकात यातला एक जरी चुकलेला दिसला तर शंभर रुपयेही घालवू नका.

टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफचा प्रश्न वेगळा. चोरीचा माल आहे हे तर झालंच, पण शिकणाऱ्याचं नुकसान असं की त्यात ऑडिओ नसतो. आजच्या चांगल्या पुस्तकांचा अर्धा जीव ऑडिओत असतो आणि तो विकत घेणाऱ्यालाच मिळतो. ‘पुस्तक उघडायला हे अ‍ॅप टाका’ म्हणून एपीके फाइल कुणी पाठवली तर ती टाकू नये. युकुलेले राहील बाजूला, बँकेचं खातं रिकामं व्हायचं.

मोबाइलवर वाचता येणार आहे का?

नगर-पुण्यात टॅब्लेट असेल, बऱ्याच घरांत पुस्तक मोबाइलवरच उघडणार. तिथे ई-बुकचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. ज्यात अक्षर मोठं केलं की मजकूर आपोआप खाली सरकतो, तसं पुस्तक कादंबरीला उत्तम. टॅबला मात्र वाईट, कारण चार रेषांची ओळ मध्येच तुटते आणि आकडे भलत्या तारेवर जाऊन बसतात. ज्यात पान छापल्यासारखं जसंच्या तसं दिसतं, ते टॅबसाठी बरोबर. पण मोठ्या कागदाचं पान सहा इंचांत मावत नाही आणि दोन्ही हात वाद्यावर असताना पान सरकवणार कोण? मोबाइल आडवा धरून एक ओळ नीट दिसते का, हे सॅम्पलवरच करून बघावं. किंडलसारखी अमेझॉन किंवा गुगलची दुकानं बऱ्याच पुस्तकांची सुरुवातीची काही पानं फुकट दाखवतात, तेवढी पुरतात.

ऑडिओ उतरवून ठेवता येतो का, हेही बघावं. दर वेळी इंटरनेट लागणारं पुस्तक अकोल्याच्या डोंगराकडच्या गावात रेंज गेली की मुकं होतं.

अजून एक खाचखळगा. ई-बुक विकत घेतलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक दुकानांत आपल्याला मिळतो तो वाचायचा परवाना. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’च्या काही प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या. ज्याने विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते, हे त्यामागचं कारण. पैसे परत केले, माफीही मागितली. पण एका पोराने आपल्या प्रतीत केलेली टिपणं त्यात निरुपयोगी झाली आणि ते कोर्टात गेलं. म्हणून सरावाच्या नोंदी पुस्तकात नाही, वहीत ठेवाव्यात.

तरी एक माणूस लागतोच

पुस्तक कितीही चांगलं असलं तरी मनगट कसं वाकलंय ते त्याला दिसत नाही. त्यासाठी युकुलेले येणाराच माणूस हवा असं नाही. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. पुढे इथल्या चर्चमध्ये पाश्चात्त्य चाली आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची मराठी भजनं शेजारी शेजारी गायली गेली आहेत. अशा गायनवृंदात गिटार वाजवणारा एखादा सापडतो आणि गिटारवाल्याला युकुलेलेच्या चार तारा समजायला वेळ लागत नाही. गावातल्या पेटीच्या मास्तरांना कॉर्ड माहीत नसतील, पण सूर चढलाय की उतरलाय हे ते न बघता सांगतील.

महिन्यातून एकदा अर्धा तास अशा कुणासमोर वाजवायचं. जाताना पुस्तकातलं एकच गाणं आणि भूपाचा आरोह, एवढंच न्यायचं.